गुप्ते मॅडमचं यशस्वी वर्ष

‘लाभार्थी’ हा शब्द डॉक्टर शैला गुप्ते यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. एकदा विभागीय कार्यालयातून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने सहज विचारलं, “मॅडम, आज लाभार्थी किती?” मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “बाहेर बाकावर बसलेत ते? त्यातल्या तिघांना जुलाब आहेत, एकीला खरूज झालीय आणि त्या कोपऱ्यातल्या आजोबांना दम लागलाय. लाभ नक्की कोणाला झालाय ते तुम्हीच जाऊन विचारा.”

तो अधिकारी पुन्हा आमच्याकडे आला नाही. मॅडमच्या दृष्टीने हा त्या महिन्यातला आरोग्यविषयक सर्वांत मोठा फायदा होता.

घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधल्या एका जुन्या वस्तीच्या तोंडाशी आमचा सरकारी दवाखाना होता. मॅडम तिथल्या डॉक्टर, सिस्टर घाडी नर्स, आणि मी औषधांच्या खिडकीत. माणसं कमी म्हणून केसपेपरही मीच काढायचो. मॅडम मुलुंड पूर्वेहून यायच्या. अंगावर सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक केळं असायचं, ते त्या उभ्यानेच खायच्या. त्यांच्या घरच्यांबद्दल मला कधीच फारसं कळलं नाही. दादरला एक भाऊ होता आणि तो फोनवर फार बोलायचा, एवढंच माहीत.

त्यांची जीभ तिखट होती. हर्निया घेऊन दोन वर्षं फिरणाऱ्या एका ड्रायव्हरला त्या म्हणाल्या, “वा! अजून थोडं थांबायचं होतंस ना. मी रिटायर झाले असते, मग तू दुसऱ्या कोणाची तरी डोकेदुखी झाला असतास.” हे बोलता बोलता त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या ओळखीच्या सर्जनला फोन लावत होत्या. आमच्याकडे शिवी आणि चिठ्ठी एकदमच मिळायची. लोकांना त्याची सवय होती. कधी मॅडम गोड बोलल्या तर माणूस घाबरून मला विचारायचा, “देसाई, खरं सांगा, काही सीरियस आहे का?”

आमच्या विभागाला त्या काळात यशाची फार हौस होती. दर तिमाहीला फर्मान यायचं, प्रत्येक दवाखान्याने दोन यशोगाथा पाठवाव्यात, फोटोसह. एकदा मॅडमनी एकच पाठवली. ‘वस्तीतल्या नळाला स्वच्छ पाणी आले. जुलाब थांबले.’ सोबत नळाचा फोटो. यशोगाथा परत आली. शेरा होता, ‘फोटोत लाभार्थीचा चेहरा दिसत नाही.’ मॅडमनी सिस्टर घाडींना नळाशेजारी उभं केलं.

“माका कित्याक?” सिस्टर म्हणाल्या. “माका खंय जुलाब झाल्ले?”

“झाले नाहीत ना? मग हेच यश. हसा.”

सिस्टर हसल्या नाहीत. त्या कणकवलीकडच्या, मॅडमपेक्षा वयाने मोठ्या, आणि मॅडमना उलट उत्तर देऊ शकणाऱ्या जगातल्या बहुधा एकमेव बाई. तपासणीच्या खोलीतली खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून दोघींचं रोज भांडण व्हायचं. तरीही वर्षाच्या शेवटी निघालेल्या गुळगुळीत पुस्तिकेत नळाशेजारच्या त्या रागीट बाईंचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘समाधानी लाभार्थी’. सिस्टर आठवडाभर मॅडमशी बोलल्या नाहीत.

पण मी सांगतोय ते यशस्वी वर्ष याच्या पुढचं.

त्या वर्षी दिवाळी संपली आणि आमच्या दारासमोरचा रस्ता खणायला घेतला. पावसाळी पाण्याची मोठी नळी टाकायची होती. काम गरजेचं होतं, आमची काही तक्रार नव्हती. खणणारे आले, त्यांनी मन लावून खणलं आणि ते निघून गेले. नळी येणार होती, ती आली नाही. खड्डा मात्र राहिला. आता वस्ती एका काठाला आणि दवाखाना दुसऱ्या काठाला. मधे कोणीतरी एक फळी टाकली. धडधाकट माणूस त्या फळीवरून आरामात यायचा. पण धडधाकट माणसाचं दवाखान्यात काय काम?

वळसा घालून यायचं तर पार हायवेपर्यंत जावं लागायचं, आणि एवढ्या जवळच्या भाड्याला रिक्षावाला नाही म्हणायचा. मॅडमनी पत्रं लिहिली. रस्ते खात्याने कळवलं की काम प्रगतिपथावर आहे. “प्रगतिपथ म्हणजे ही फळी असणार,” मॅडम म्हणाल्या.

माझ्या खिडकीसमोरची रांग हळूहळू आटत गेली. आधी म्हातारी माणसं यायची बंद झाली, मग गरोदर बायका, मग कडेवर मूल असलेल्या बायका. मला जरा निवांतपणा मिळाला हे कबूल करतो. मॅडम मात्र अस्वस्थ होत्या. एके सकाळी त्यांनी मला विचारलं, “देसाई, तारामावशी सुर्वे कधी आल्या होत्या रे?”

तारामावशी म्हणजे वस्तीतल्या एका जुन्या गिरणी कामगाराची विधवा. साखरेचा आजार, त्यात पायाला जखम. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला यायच्या आणि मॅडमसाठी कधी कोकम, कधी घरचं लोणचं आणायच्या. माझ्या लक्षात आलं की त्या बऱ्याच दिवसांत दिसल्याच नव्हत्या.

“चल,” मॅडम म्हणाल्या आणि साडीचा ओचा खोचून फळीवर चढल्या.

तारामावशींच्या खोलीत शिरताच वास आला. मावशी कॉटवर बसून तांदूळ निवडत होत्या. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला. त्या सुनेला चहा टाकायला सांगायला लागल्या. मॅडम खाली बसल्या आणि त्यांनी पायाचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता.

“दुखत नाय हा,” मावशी म्हणाल्या. “म्हणून म्हटलं, बरा होत आला असेल.”

मी मॅडमच्या तोंडाकडे पाहत होतो. एखादा टोमणा येईल म्हणून मी वाट पाहत होतो, खरं तर तो यावा असं मला वाटत होतं. तो आला नाही. मॅडम फार हळू आवाजात म्हणाल्या, “मावशी, आपण जरा मोठ्या हॉस्पिटलात जाऊन येऊ या हं.” मावशींचा चेहरा तेव्हा उतरला. मॅडम गोड बोलल्याचा अर्थ वस्तीत सगळ्यांना ठाऊक होता.

पाय वाचला. अंगठा काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम दवाखान्यात आल्याच नाहीत. त्या पलीकडच्या काठावर बंड्या राणेशी बोलत उभ्या होत्या. बंड्या वस्तीतल्या गणपती मंडळाचा अध्यक्ष. मंडळाची एक पक्की खोली होती, आणि वर्षाचे अकरा महिने तिच्यात कॅरम आणि बंड्याचं मित्रमंडळ असायचं.

“सकाळी खोली मला पाहिजे,” मॅडम म्हणाल्या.

“घ्या ना मॅडम, बिनधास्त. पण आत थर्माकोलचा महाल आहे, गेल्या वर्षीचा. तो तेवढा हलवायला नका लावू. तुटला तर वाट लागेल.”

तेव्हापासून सकाळी मॅडम आणि सिस्टर त्या महालाच्या पायऱ्यांशी बसून माणसं तपासू लागल्या आणि दुपारी दवाखान्यात येऊ लागल्या. मी फळीवरून औषधांची पेटी पोचवायचो. दोन-तीन दिवसांत सगळे परत आले. दम्याचे आजोबा आले, कडेवरची मुलं आली. पुढे हॉस्पिटलातून सुटल्यावर कुबडी टेकत तारामावशीही आल्या. खिडकीवरून होणारं भांडणही तिथे नव्याने सुरू झालं, कारण त्या खोलीलाही एक खिडकी होती.

हे सगळं नियमाबाहेर होतं. दवाखाना म्हणजे दवाखान्याची इमारत, आणि रुग्ण म्हणजे त्या इमारतीत ज्याचा केसपेपर निघाला तो माणूस. खड्ड्यापलीकडे तपासलेल्यांची नोंद होण्याची सोयच नव्हती. मॅडम साध्या कागदावर लिहून द्यायच्या. विभागाच्या दृष्टीने आमचे रुग्ण निम्म्याने घटले होते. औषधं मात्र पहिल्याइतकीच संपत होती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण वरच्या ऑफिसात रुग्णांचा हिशेब एका टेबलावर जातो आणि औषधांचा दुसऱ्या टेबलावर, आणि त्या दोन टेबलांचं एकमेकांशी बोलणं नसतं.

मार्चमध्ये सरकारी वर्ष संपता संपता एकाच आठवड्यात आम्हाला दोन बातम्या कळल्या. पहिली अशी की विभागातल्या सर्व दवाखान्यांत आमच्या वस्तीतले आजार सर्वांत जास्त कमी झाले आहेत, सबब डॉक्टर गुप्ते यांचा ‘वर्षपूर्ती यश सोहळ्या’त सत्कार होणार. दुसरी अशी की आजारच कमी झाल्यामुळे इथे एवढ्या माणसांची गरज उरलेली नाही, सबब सिस्टर घाडी आणि मी, आम्ही दोघांनी नव्या वर्षापासून दिंडोशीच्या दवाखान्यात हजर व्हावं.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे कमी झालेल्या रुग्णांत तारामावशीपण धरल्या असतील. त्या बऱ्या झाल्या म्हणून आल्या नाहीत, असंच त्यांना वाटलं असणार.”

सोहळ्याच्या आदल्या दिवशी मंडळाच्या खोलीत चर्चा झाली. बंड्याचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, स्टेजवर काय बोलू नका. तुम्ही बोललात की उद्या खोलीला टाळं.”

“आणि नाही बोलले तर?” मॅडम म्हणाल्या. “खोली उघडी राहील. तिच्यात पट्टी बांधायला कोण बसणार? तू?”

सिस्टर घाडी वेगळ्याच काळजीत होत्या. “मॅडम, तुमची नोकरी संपत इली. पेन्शनीचो प्रश्न आसा. गप ऱ्हवा. शाल घेवा, नारळ घेवा आणि सरळ घराक जावा. आमी जातंव दिंडोशीक. थंयपण माणसा आजारी पडतत.”

मॅडम त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, “दिंडोशीच्या खिडक्यांवर कोणाशी भांडणार तुम्ही?” सिस्टरनी तोंड फिरवलं आणि त्या उगाचच कापूस मोजायला लागल्या.

सोहळा मुलुंडच्या एका सभागृहात होता. मॅडम कॅनव्हासचे बूट घालूनच आल्या होत्या. पहिल्या रांगेत साहेबलोक, मागे आम्ही, आणि सर्वांत मागे नर्सिंगच्या मुली. त्यांना टाळ्यांसाठी आणलं होतं. निवेदिकेने हात वर केला की त्यांनी टाळ्या वाजवायच्या. पडद्यावर एक चित्रफीत दाखवली. तिच्यात आमच्या दवाखान्याचं रिकामं बाक होतं आणि मागे सनई वाजत होती. ‘रोगमुक्तीकडे वाटचाल’ असं काहीतरी निवेदिका म्हणाली.

मॅडमना शाल घातली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

“माझे रुग्ण कमी झालेले नाहीत,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यासमोर खड्डा आहे. त्यांना तो ओलांडता येत नाही. त्यांना मी पलीकडे एका मंडळाच्या खोलीत तपासते. तुमच्या हिशेबात ते येत नाहीत. मी उशिरा गेले, त्यात एका बाईचा अंगठा गेला. तेव्हा हा सत्कार माझा नाही. ज्याने खड्डा खणला त्याचा आहे. त्याला बोलवा आणि ही शाल त्याला द्या.”

निवेदिकेला बहुधा वाटलं की भाषण संपलं. तिने हात वर केला. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. “किती ही विनम्रता!” निवेदिका म्हणाली. “स्वतःच्या यशाचं श्रेय एका सामान्य खड्डा खणणाऱ्या कामगाराला देणाऱ्या डॉक्टर शैला गुप्ते!” प्रमुख पाहुणे उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. मॅडम माईकजवळ नारळ धरून उभ्या होत्या. मी त्यांना इतकं हताश कधीच पाहिलं नव्हतं. तारामावशींच्या खोलीतही नाही.

पण सभागृहातल्या एका माणसाने ते भाषण नीट ऐकलं होतं. ते म्हणजे प्रशासन शाखेचे जोगळेकर साहेब. चार दिवसांत मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली. परवानगी न घेता दवाखान्याबाहेर रुग्ण का तपासले? औषधं बाहेर कशी गेली? ती देणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई का करू नये? तो कर्मचारी म्हणजे मी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मॅडमनी नोटीस वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “घाबरू नकोस. निदान कोणीतरी ऐकलं.”

साहेब स्वतः चौकशीला आले. वस्तीच्या बाजूने आले, कारण हायवेकडच्या वळशाच्या गल्लीत रिक्षा शिरायची, गाडी नाही. पायात चकचकीत बूट, हातात फाईल. खड्ड्याच्या काठावर उभं राहून त्यांनी मॅडमना फोन केला. आम्ही समोर दवाखान्याच्या पायरीवरच उभे होतो.

“मॅडम, दवाखान्यात यायचं कुठून?”

“फळीवरून.”

“दुसरा जवळचा रस्ता नाही का?”

“असता तर तुम्हाला यावंच लागलं नसतं.”

साहेबांनी फळीवर एक पाय ठेवून पाहिला आणि काढून घेतला. मग म्हणाले, “तुम्हीच इकडे या. चौकशी इथेच करू.” अशा रीतीने बेकायदेशीर खोलीची चौकशी त्याच बेकायदेशीर खोलीत, थर्माकोलच्या महालासमोर सुरू झाली.

पहिला प्रश्न औषधांचा होता. मी तोंड उघडण्याआधीच मॅडम म्हणाल्या, “औषधं मी मागितली, याने दिली. वरिष्ठांनी मागितली की द्यावी लागतात. लिहा, जबाबदारी माझी.” साहेब लिहू लागले. तेवढ्यात दारात कुबडीचा आवाज झाला आणि तारामावशी आत आल्या. खुर्चीवर बूट घातलेला, फाईल घेतलेला माणूस पाहून त्यांना वाटलं, नवे डॉक्टर आले. त्या समोर बसल्या आणि त्यांनी पाय उचलून सरळ साहेबांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला.

“बघा,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी पाहिलं. लिहिणं थांबलं. “हे... कसं झालं?”

“माझीच चूक, डॉक्टर. खड्डा होता ना, म्हणून गेले नाय. सून म्हणत होती रिक्षा करू. मी म्हटलं, एवढ्याशासाठी कशाला रिक्षा? मॅडमनी किती वेळा सांगितलं होतं, पट्टी चुकवू नका. मीच चुकवली. मॅडमना बोलू नका हा काही.”

सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांनी पट्टी बदलायला घेतली. साहेब ती पूर्ण होईपर्यंत पाहत राहिले. बंड्याने चहा आणला, तो त्यांनी घेतला. निघताना ते दारात घुटमळले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, “सिस्टर, आलोच आहे तर माझं पण प्रेशर बघता का? हल्ली चक्कर येते.”

“बघा हो सिस्टर,” मॅडम म्हणाल्या. “पण साहेब, केसपेपर नाही मिळणार. तो फळीपलीकडे मिळतो.”

साहेब हसले. प्रेशर मात्र खरंच वाढलेलं निघालं, आणि त्यावर मॅडमनी त्यांना इतकं झापलं की चौकशी कोण कोणाची करतंय ते बंड्याला कळेना.

पुढे काय झालं ते ऐका. आमच्या दोघांच्या बदल्या रद्द झाल्या. जोगळेकर साहेबांनी कुठे काय फोन केले माहीत नाही, पण नळी आली आणि खड्डा बुजला. मॅडमना नियमभंगाबद्दल लेखी समज मिळाली, आणि ती त्यांच्या सेवेच्या कागदांत कायमची राहिली. त्याच महिन्यात वर्षपूर्तीची नवी पुस्तिका आली. मुखपृष्ठावर मंडळाच्या खोलीचा फोटो होता, थर्माकोलच्या महालासकट. खाली लिहिलं होतं, ‘विभागाचा अभिनव उपक्रम’. उपक्रमाची कल्पना कोणाची याच्या यादीत मोठ्या साहेबांपासून सुरुवात होती आणि मॅडमपर्यंत ती पोचली नव्हती. मागोमाग हुकूम आला की प्रत्येक दवाखान्याने सकाळच्या वेळी इमारतीबाहेर रुग्ण तपासावेत. ज्यांच्या दारात खड्डा नव्हता ते बिचारे रस्त्यावर टेबल टाकून बसू लागले. म्हातारे रुग्ण आत पंख्याखाली बसून डॉक्टर आत येण्याची वाट पाहू लागले.

“आता आपण आत बसायचं का?” मी मॅडमना विचारलं.

“नाही. आता हुकूम आहे,” मॅडम म्हणाल्या आणि केळं सोलायला लागल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. मला आणि सिस्टरना मुलुंडच्या एका हॉटेलात नेऊन मिसळ खाऊ घातली आणि रिक्षात बसवून दिलं. फोन क्वचितच व्हायचा.

गेल्या वर्षी मी वडिलांना घेऊन एका सार्वजनिक रुग्णालयात गेलो होतो. बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलो असताना आतून ओळखीचा आवाज ऐकू आला. दार उघडंच होतं. स्टुलावर गुप्ते मॅडम बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, खूप बारीक झालेल्या. समोर अगदी कोवळा डॉक्टर. त्यांनी त्याला आपण कोण ते सांगितलेलं दिसत नव्हतं. तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत त्यांना समजावत होता, “आजी, ही गोळी सकाळी. ही रात्री. जेवल्यानंतर. कळलं?”

मॅडमनी शहाण्या मुलीसारखी मान हलवली. “कळलं. छान सांगितलंस रे. आता माझ्या आधी जी बाई गेली ना, हिरव्या साडीतली, तिलापण असंच सांग. तिला तू नुसता कागद दिलास. तिला वाचता येत नाही. तिने तो उलटा धरला होता.”

डॉक्टर गोंधळला. “ती गेली असेल आता.”

“गुडघे दुखतायत तिचे. कितीशी लांब गेली असेल?”

तो पोरगा खुर्ची सारून उठला आणि माझ्या अंगावरून जवळजवळ पळतच फाटकाकडे गेला. रांगेत कुजबुज सुरू झाली. एक माणूस दारात डोकावून वैतागून म्हणाला, “काय हो आजी, डॉक्टर कुठे गेले?”

मॅडमनी स्टुलावरून वळून त्याच्याकडे पाहिलं.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर कामाला गेलेत.”